विक्रमांची यादी म्हणजे इतिहास नव्हे : सर्वांत वेगवान रोलर कोस्टरची खरी गोष्ट

१) ‘जगातील सर्वांत वेगवान रोलर कोस्टर’ या नावाची एक यादी दर काही महिन्यांनी समाजमाध्यमांवर फिरते. १९९७ : ताशी १६१ किमी. २००१ : १७२. २००३ : १९३. २००५ : २०६. २०१० : २४०. २०२५ : २५०. आकडे खरे आहेत, त्यांच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते या यादीला ‘इतिहास’ म्हणण्याशी. आजचा धागा त्या भांडणाचा आहे. तो लांब आहे, सवडीने वाचा.

२) आपण कोरीव लेख वाचणारी माणसे. प्रशस्ती म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे. राजाने किती दिशा जिंकल्या, किती शत्रूंच्या मुकुटमण्यांनी त्याचे पाय उजळले, हे प्रशस्ती सांगते. कोणती मोहीम फसली, खजिना कोणी भरला, सैन्याच्या वाटेवरच्या गावांचे काय झाले, हे ती सांगत नाही. म्हणून प्रशस्ती खोटी ठरत नाही. ती साधन आहे, निष्कर्ष नव्हे. वेगाच्या विक्रमांची यादी ही उद्यानांनी आणि उत्पादकांनी कोरलेली प्रशस्तीच आहे, आणि आपण ती निष्कर्ष म्हणून वाचत आलो आहोत.

३) माझे म्हणणे थोडक्यात असे. रोलर कोस्टरच्या वेगाचा इतिहास ‘किती वेगाने?’ या प्रश्नाने उलगडत नाही. तो तीन प्रश्नांनी उलगडतो : वेगासाठी लागणारी ऊर्जा साठवली कुठे? ती सोडल्यावर गाडी आवरली कशी? आणि डाव फसला तेव्हा भार कोणावर पडला? हे तीन प्रश्न घेऊन तीच यादी पुन्हा वाचली, तर चढत्या शिडीऐवजी वेगळेच चित्र दिसते. विक्रम करणारे तंत्र बहुधा हरलेले आहे. जिंकलेले तंत्र आधीच येऊन मागे रांगेत उभे होते.

४) आरंभ वेगापासून झालाच नाही. अठराव्या शतकात रशियात सेंट पीटर्सबर्गच्या परिसरात लाकडी सांगाड्यांवर बर्फ गोठवून घसरगुंड्या उभारत. १८१७ साली पॅरिसमध्ये चाकांच्या गाड्यांची तशीच घसरण सुरू झाली आणि फ्रेंच भाषेत तिला ‘रशियन पर्वत’ हे नाव पडले. गंमत अशी, की रशियन भाषेत त्याच वस्तूला आज ‘अमेरिकन टेकड्या’ म्हणतात! १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्प्सन यांनी सुरू केलेली ‘स्विचबॅक रेल्वे’ ताशी सुमारे १० किमी वेगाने धावे. धावत्या माणसाने तिला सहज मागे टाकले असते. तरी लोक पाच सेंट मोजून रांगेत उभे राहत.

५) पुढची सुमारे नव्वद वर्षे या खेळाचे इंधन एकच होते : उंची. साखळीने गाडी वर ओढायची आणि सोडून द्यायची. खोपोलीजवळच्या इमॅजिकामधली ‘नायट्रो’ तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवली असेल. तिचे तत्त्व हेच. टेकडी ही येथे ऊर्जेची कोठी आहे. ती सावकाश भरायची, क्षणात रिकामी करायची. लहानशी मोटर मिनिटभर कष्ट करते आणि गुरुत्वाकर्षण ते कष्ट काही सेकंदांत परत करते.

६) पण या कोठीची एक जाचक अट आहे. ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. घर्षण सोडून दिले, तर ताशी १०० किमीसाठी सुमारे ४० मीटर उतार लागतो. ताशी २०० किमीसाठी ८० नव्हे, सुमारे १६० मीटर. ताशी २४० किमीसाठी सुमारे २२७ मीटर, म्हणजे तीन कुतुबमिनार एकावर एक ठेवले तरी थोडे कमीच पडतील. २००० साली अमेरिकेतील सीडर पॉइंटच्या ‘मिलेनियम फोर्स’ने ९४ मीटर उंचीवरून ताशी १५० किमी गाठले आणि जपानमधील ‘स्टील ड्रॅगन २०००’ने ९७ मीटरवरून १५३. तीन मीटरांच्या पोलादाने तीन किमीचा वेग! उंचीची वाट येथे महाग झाली होती.

७) म्हणून प्रक्षेपणाची, म्हणजे आपण ज्याला ‘लाँच’ म्हणतो त्याची, कथा ही वेगाच्या हव्यासाची कथा असण्याआधी कोठी बदलण्याची कथा आहे. १९७७ मध्ये जर्मन अभियंते आंतोन श्वार्त्सकॉफ यांच्या रचनेची ‘किंग कोब्रा’ व्हर्जिनियातील किंग्ज डोमिनियन उद्यानात आली. मनोऱ्यात एक प्रचंड वजन वर चढवून ठेवायचे, ते खाली सोडायचे आणि त्याला बांधलेल्या दोराने गाडी पुढे खेचायची. मोटेचा बैल धावेच्या उतारावरून खाली जातो आणि मोट वर येते, हे ज्यांनी पाहिले किंवा आजोबांकडून ऐकले आहे, त्यांना हे तत्त्व वेगळे समजावून सांगायला नको.

८) लगेच पुढच्या वर्षी, १९७८ मध्ये, कॅलिफोर्नियातील नॉट्स बेरी फार्ममध्ये श्वार्त्सकॉफ यांनी वजनाच्या जागी फ्लायव्हील आणले. एक जड चाक आधी सावकाश फिरवत ठेवायचे आणि मग क्लचने त्याची फिरकी दोराला जोडायची. गाडी साडेचार सेकंदांत ताशी ८८ किमीपर्यंत जाई. आकडा आज क्षुल्लक वाटेल. मात्र १९९९ साली फ्लोरिडात ‘इन्क्रेडिबल हल्क’ उभी राहिली, तेव्हा प्रत्येक प्रक्षेपणाला परिसराची वीज मंदावू नये म्हणून तिच्या अभियंत्यांनी ऊर्जा साठवली ती फिरत्या जड चाकांतच. यादीत १९७८ सालच्या त्या चाकाला जागा नाही. ते कधी ‘सर्वांत वेगवान’ नव्हते.

९) आता एका लोकप्रिय दंतकथेचा समाचार घेऊ : ‘विमानवाहू नौकेवरचे तंत्र रोलर कोस्टरमध्ये आले.’ कालानुक्रम पाहा. १९४०च्या दशकात वेस्टिंगहाउस कंपनीने अमेरिकी नौदलासाठी ‘इलेक्ट्रोपल्ट’ नावाचे विद्युत प्रक्षेपक बनवले. त्याने सुमारे साडेचार टनांचे विमान चार-सव्वाचार सेकंदांत ताशी १८० किमीच्या पुढे नेले. तरीही ते खर्चाच्या कारणाने मागे पडले. नौदलांनी पत्करली ती वाफ : ब्रिटिश अधिकारी कॉलिन मिचेल यांच्या वाफेच्या प्रक्षेपकाच्या चाचण्या १९५०च्या सुमारास ‘पर्सियस’ या नौकेवर झाल्या. विद्युत प्रक्षेपक असलेली अमेरिकेची ‘जेराल्ड फोर्ड’ ही विमानवाहू नौका सेवेत दाखल झाली २०१७ मध्ये.

१०) आणि रोलर कोस्टर? १९९६! म्हणजे नौकेच्या एकवीस वर्षे आधी. नौदलाने रोलर कोस्टरकडून काही उचलले, असे मी म्हणत नाही. मी इतकेच म्हणतो, की ‘आधी युद्ध, मग त्याचे उरलेसुरले मनोरंजनाला’ हा क्रम येथे लागू पडत नाही. मूळ कल्पना नौदलासाठी केलेल्या कामात दिसते, ती नौदलच बाजूला ठेवते, आणि अर्ध्या शतकानंतर ती जनसामान्यांसमोर येते ती एका करमणूक उद्यानात. दंतकथा सांगायला सोपी असते. कालानुक्रम तपासायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे आपण का देत नाही?

११) हे तंत्र कोणते? घरातल्या पंख्याची मोटर डोळ्यांसमोर आणा. तिची स्थिर वेटोळी उकलून रुळांच्या कडेने सरळ रेषेत अंथरली, तर फिरणारे चुंबकीय क्षेत्र धावणारे होईल. ही लिनियर मोटर. लिनियर इंडक्शन मोटरमध्ये गाडीला धातूच्या पट्ट्या असतात. वेटोळ्यांचे क्षेत्र त्या पट्ट्यांत प्रवाह निर्माण करते आणि त्यांना पुढे ढकलते. लिनियर सिंक्रोनस मोटरमध्ये गाडीवर कायमचुंबक असतात आणि ते धावत्या क्षेत्राच्या पावलाशी पाऊल जुळवून पुढे जातात. दोर नाही, दात नाहीत, स्पर्शही नाही.

१२) १९९६ मध्ये प्रीमियर राइड्स या कंपनीने किंग्ज आयलंड आणि किंग्ज डोमिनियन या दोन उद्यानांत ‘फ्लाइट ऑफ फियर’ आणली. चार सेकंदांत ताशी ८७ किमी. कसलाही विक्रम नाही. पण ज्या शोधांनी लिनियर मोटरचे युग शक्य केले, ते उद्यानांच्या फाटकाबाहेर लागले होते. मोठा विद्युतप्रवाह नेमक्या क्षणी चालू-बंद करणारी अर्धवाहक साधने तेव्हा हाताशी आली होती. सिंक्रोनस मोटरला हवे असलेले बलवान निओडिमियम चुंबक तर १९८०च्या दशकाच्या आरंभीच सिद्ध झाले होते, सुमितोमोचे मासातो सागावा आणि जनरल मोटर्सचे जॉन क्रोट यांच्या स्वतंत्र संशोधनातून. ही नावे तुम्ही कोणत्या विक्रमयादीत वाचली आहेत?

१३) यादीतील पहिला मोठा टप्पा १९९७चा, ताशी १६१ किमीचा, म्हणजे शंभर मैलांचा. हा मान ऑस्ट्रेलियातील ड्रीमवर्ल्डच्या ‘टॉवर ऑफ टेरर’ला मिळतो. कॅलिफोर्नियातील ‘सुपरमॅन : द एस्केप’ही त्याच वेगाची, त्याच सिंक्रोनस मोटरची, तिचे उद्घाटन १९९६ मध्ये व्हायचे होते, ते लांबले. जानेवारी १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियाने फाटक उघडले, मार्चमध्ये कॅलिफोर्नियाने. तंत्र एक, वेग एक, उत्पादक कंपनीही एकच : इंटामिन. फरक कॅलेंडरचा. ‘पहिला’ हा शब्द इतिहासात किती जपून वापरावा, याचा याहून चांगला धडा कोणता?

१४) २००१ साली दाबलेली हवा आली. टाकीत हवा कोंडायची आणि ती एकदम सोडायची. अवाढव्य पिचकारीच म्हणा. अमेरिकेतील ‘एस अँड एस’ कंपनीच्या ‘हायपरसॉनिक एक्सएलसी’ने १.८ सेकंदांत ताशी १२९ किमी गाठले. त्याच वर्षाच्या अखेरीस जपानच्या फुजी-क्यू हायलंडमधील ‘दोदोन्पा’ने तेवढ्याच वेळात १७२ गाठले आणि विक्रम जपानकडे गेला. २०१७च्या नूतनीकरणानंतर ती १.५६ सेकंदांत १८० गाठू लागली.

१५) येथे थांबून जरा गणित करू. यादी वेग मोजते. शरीर मात्र प्रवेग सोसते. वेगाला वेळेने भागून सरासरी काढा. ‘टॉवर ऑफ टेरर’ला ताशी १६१ किमीसाठी सात सेकंद लागत : गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दोन-तृतीयांश. ताशी २४० किमीची ‘फॉर्म्युला रोसा’ ४.९ सेकंद घेते : १.४ पट. ताशी २०६ किमीची ‘किंगडा का’ ३.५ सेकंद घेई : १.७ पट. मूळ ‘दोदोन्पा’ : २.७ पट. नूतनीकरणानंतरची : ३.३ पट! म्हणजे २०१७ साली यादीत बरीच खाली असलेली गाडी मानेला आणि पाठीला अग्रस्थानावरच्या गाडीच्या दुपटीहून अधिक धक्का देत होती. यादीत या गोष्टीला रकानाच नाही.

१६) २०२१ मध्ये ‘दो-दोदोन्पा’वर बसलेल्या काही प्रवाशांची हाडे मोडल्याच्या तक्रारी पुढे आल्या. त्याच ऑगस्टमध्ये ती थांबवण्यात आली आणि २०२४ मध्ये कायमची बंद झाल्याचे जाहीर झाले. त्या इजांचे खापर केवळ प्रवेगावर फोडावे, असा निवाडा मी देत नाही. माझा आक्षेप यादीवर आहे. ज्या राशीचा माणसाच्या हाडांशी सरळ संबंध आहे, ती राशी आपण मोजतच नसू, तर आपण नेमका कोणाच्या सोयीचा इतिहास लिहीत आहोत?

१७) यानंतर हायड्रॉलिक युग. पंप तेलाला संचायकात ढकलतात. तेथे नायट्रोजन वायू दाबला जातो आणि ताणलेल्या गलोलीसारखा वाट पाहतो. झडप उघडली, की तेल हायड्रॉलिक मोटरींवर तुटून पडते, त्या विंचचा पिंप फिरवतात, आणि विंचचा दोर गाडीला अडकवलेल्या घसरगाड्याला खेचतो. इंटामिनने २००३ मध्ये सीडर पॉइंटला ‘टॉप थ्रिल ड्रॅगस्टर’ दिली : १२८ मीटर उंच, ताशी १९३ किमी. २००५ मध्ये न्यू जर्सीत ‘किंगडा का’ : १३९ मीटर, ताशी २०६ किमी. २०१० मध्ये अबू धाबीच्या फेरारी वर्ल्डमध्ये ‘फॉर्म्युला रोसा’ : ताशी २४० किमी; पुढच्या रांगांतल्यांच्या डोळ्यांत वाळूचा कण जाऊ नये म्हणून चष्मे बंधनकारक.

१८) विक्रम तीन, पण तिन्हींचा जीव अडकलेला एका दोरात. दोर झिजतो, ताणतो, तापतो. वारा, गारठा, प्रवाशांचे वजन यांनी प्रक्षेपण थोडे जरी कमी पडले, तरी गाडी शिखरापर्यंत जाऊन उलटी खाली येते. या घटनेला ‘रोलबॅक’ असे नाव आहे आणि रचनेतच तिची तरतूद असते. ‘किंगडा का’ मे २००५ मध्ये सुरू झाली आणि जूनमध्येच प्रक्षेपणयंत्रणेतील बिघाडाने थांबली; ती पुन्हा धावली ऑगस्टमध्ये. पहिल्याच उन्हाळ्यातले दोन महिने! विक्रमाच्या रकान्यात मात्र ‘२००५’ हा आकडा दिमाखात उभा आहे.

१९) आता त्या गाडीची गोष्ट, जी यादीत आलीच नाही. जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग या प्रख्यात शर्यतमार्गावर ‘रिंगरेसर’ उभारली जात होती. तंत्र : दाबलेली हवा. घोषित वेग : ताशी २१७ किमी, म्हणजे तेव्हाच्या विक्रमाहून अधिक. सप्टेंबर २००९ मध्ये तिच्या प्रक्षेपणयंत्रणेत स्फोट होऊन काही जण जखमी झाले. प्रवाशांसाठी ती उघडली थेट ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी, तीही वेग बराच घटवून, आणि चौथ्या दिवशी, ३ नोव्हेंबरला, बंद झाली. ती पुन्हा उघडली नाही.

२०) हा केवळ यंत्राचा अपयशलेख नाही. शर्यतमार्गाभोवतीच्या ज्या भव्य पर्यटन प्रकल्पाचा ती भाग होती, त्यामागे ऱ्हाइनलँड-पॅलाटिनेट राज्याचा पैसा आणि पत होती. खासगी वित्तपुरवठ्याचा डाव फसल्यावर राज्याचे वित्तमंत्री इंगोल्फ डॉयबेल यांनी जुलै २००९ मध्ये राजीनामा दिला. २०१२ मध्ये न्यूरबुर्गरिंगची सार्वजनिक मालकीची कंपनी दिवाळखोरीत गेली. भार कोणावर पडला, या आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे हे उत्तर : करदात्यावर. ही गाडी विक्रमयादीत नाही, म्हणून ती इतिहासात नाही असे मानायचे का? माझ्या मते या विषयावरचा कोणताही गंभीर धागा हिच्याशिवाय अपुरा आहे.

२१) ऑगस्ट २०२१. ‘टॉप थ्रिल ड्रॅगस्टर’च्या धावत्या गाडीवरून धातूची एक पट्टी निखळली आणि रांगेत उभ्या असलेल्या एका महिलेच्या डोक्याला लागली; तिच्या मेंदूला गंभीर इजा झाली. ती गाडीत बसलेलीही नव्हती. ओहायोमध्ये अशा राइडची तपासणी कृषी खात्याकडे असते. कायदा मोडल्याचा पुरेसा पुरावा त्या खात्याला आढळला नाही, हेही नमूद केले पाहिजे. पट्टी प्रक्षेपणयंत्रणेची नव्हती, गाडीची होती. परंतु ‘वेगाची किंमत कोण देतो?’ या प्रश्नाची कक्षा आसनांपुरती नसते, हे त्या दुपारने दाखवले.

२२) ती राइड त्या रूपात पुन्हा चालली नाही. २०२४ मध्ये ‘टॉप थ्रिल २’ म्हणून ती परतली, तेव्हा हायड्रॉलिक यंत्रणा आणि तिचा दोर इतिहासजमा झाले होते. त्यांच्या जागी होती लिनियर सिंक्रोनस मोटर. गाडी पुढे जाते, मागे येऊन उलट दिशेच्या मनोऱ्यावर चढते आणि तिसऱ्या धावेत पुन्हा ताशी १९३ किमी गाठते. झोपाळ्याला तीन हेलकाव्यांत उंच न्यावे तसे. वेग तोच; मात्र एका झटक्याची सक्ती संपली. अर्थात, हेही निर्विघ्न नव्हते : उद्घाटनानंतर काही दिवसांतच गाड्यांमधील दोषामुळे ती बंद ठेवावी लागली. नवे तंत्र म्हणजे निर्दोष तंत्र, ही उलटी प्रशस्ती मला लिहायची नाही.

२३) ‘किंगडा का’ २०२४च्या नोव्हेंबरमध्ये बंद झाली आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी तिचा मनोरा स्फोटकांनी पाडण्यात आला. जो मनोरा आपल्या यादीत ‘यश’ म्हणून नोंदला आहे, तो वीस वर्षेही टिकला नाही. दरम्यान खुद्द इंटामिननेच २०१७ मध्ये स्पेनच्या फेरारी लँडमध्ये ‘रेड फोर्स’ उभारली : ११२ मीटर, ताशी १८० किमी, आणि तंत्र सिंक्रोनस मोटरचे. ज्या कंपनीने हायड्रॉलिक विक्रम केले, तीच १९९७ सालच्या आपल्या जुन्या, यादीत मागे पडलेल्या तंत्राकडे परतली. हा निकाल माझा नाही, कारखान्याचा आहे.

२४) राहिला दुसरा प्रश्न : गाडी आवरायची कशी? रुळाला किंवा गाडीला कायमचुंबक, समोर तांब्यासारख्या सुवाहक धातूची पट्टी. पट्टी चुंबकांमधून गेली, की तिच्यात भोवरी प्रवाह उठतात आणि गतीला विरोध करतात. याला वीज लागत नाही. बत्ती गेली तरी गाडी आवरली जाते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तनच येथे राबते. प्रवाह पुरवला तर ढकलणारे, न पुरवता आवरणारे! ताशी २०० किमीच्या पुढची गाडी रोज हजारो माणसांना सुखरूप परत आणते, ती या निःशब्द पट्ट्यांच्या जिवावर. ‘जगातील सर्वांत विश्वसनीय ब्रेक’ अशी यादी कोणी फिरवताना पाहिली आहे?

२५) २०२५ संपता संपता सौदी अरेबियातील किद्दिया येथे ‘फाल्कन्स फ्लाइट’ उघडली : चार किमीहून लांब मार्ग, ताशी २५० किमी. विक्रमवीर पुन्हा जल्लोष करतील. त्यांनी तिची रचना नीट पाहावी. गाडीला बळ देतात सिंक्रोनस मोटरी. आणि सर्वोच्च वेगाकडे ती झेपावते तुवैक पर्वताच्या कड्यावरून खाली. म्हणजे १९९७चे तंत्र आणि १८८४चा उतार, यांचा संगम. शिडीची नवी पायरी म्हणून जिचे कौतुक होते आहे, ती खरे तर सर्वांत जुन्या कोठीकडे परतली आहे : उंचीकडे.

२६) आता आक्षेप. पहिला : ‘विक्रमाची ईर्षा नसती, तर या प्रयोगांना पैसा कोणी दिला असता?’ आक्षेप रास्त आहे. शंभर मैलांच्या जाहिरातीशिवाय १९९७ मध्ये सिंक्रोनस मोटरवर कोणी एवढा खर्च केला असता, असे मलाही वाटत नाही. मात्र प्रेरणा आणि स्पष्टीकरण या भिन्न गोष्टी आहेत. दिग्विजयाच्या आकांक्षेने मोहीम निघते, हे खरे. ती यशस्वी का झाली, हे रसद, घोडी, पावसाळा आणि वाटा सांगतात. इतिहासकाराने पहिल्यावर थांबायचे नसते.

२७) दुसरा आक्षेप : ‘अहो, करमणूक आहे ती! एवढे गांभीर्य कशाला?’ कारण सवय विषय पाहून बदलत नाही. जो वाचक येथे ‘सर्वांत वेगवान कोण?’ एवढेच विचारतो, तोच उद्या ‘सर्वांत अजिंक्य किल्ला कोणता?’, ‘सर्वांत मोठा सेनापती कोण?’ या याद्यांवर भांडतो, आणि किल्ल्यावरची पाण्याची टाकी कोणी खोदली, हा प्रश्न त्याला सुचतच नाही. यादीचे व्यसन विचार करण्याचे श्रम वाचवते. म्हणूनच ते घातक आहे.

२८) तेव्हा पुढच्या वेळी ती यादी तुमच्यापर्यंत आली, तर ती जरूर वाचा, पण तिला तीन रकाने जोडा : ऊर्जा कुठे साठवली, गाडी कशी आवरली, भार कोणावर पडला. मग ‘रिंगरेसर’ परत येईल, ‘दो-दोदोन्पा’च्या प्रवाशांच्या तक्रारी परत येतील, १९७८चे फ्लायव्हील आणि सागावांचा चुंबक परत येईल. ताशी २५० हा आकडाही काही वर्षांत कोणीतरी ओलांडेल, तेव्हा या तीन रकान्यांत काय लिहायचे ते आधी विचारा. असहमत असाल तर अवश्य लिहा. एवढीच विनंती, की नुसता आकडा नको, त्यासोबत कारण लिहा.